सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर टिकता येत नाही? शिसं वाढवण्याआधी हे तपासा

स्कूबा डाइव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं कार्ड मिळाल्यावर पहिल्या काही डाइव्हमध्ये बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींची एक तक्रार हमखास असते. खाली जाताना त्रास नाही, बारा-पंधरा मीटरवर मजेत फिरलो, मासे बघितले, हवा पुरली. पण परत येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं, म्हणजेच सेफ्टी स्टॉप करायचा होता, तिथे थांबता आलं नाही. खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर उलटी मोजणी सुरू होते, अर्धं मिनिट जातं आणि अंग आपोआप वर उचललं जातं. चार मीटर, तीन मीटर, आणि मग एकदम डोकं पाण्याबाहेर.

बोटीवर आल्यावर हे सांगितलं की पुढच्या डाइव्हला बहुतेक ठिकाणी कमरेच्या पट्ट्यात वजनासाठी लावलेलं शिसं दोन किलोने वाढवून मिळतं. कधी त्याने भागतं. पण बरेचदा त्याच माणसाला पुढच्या वेळी आणखी जोरात वर फेकलं जातं, आणि मग ‘आपलं शरीरच हलकं आहे’ असा समज करून तो डाइव्हिंगचा नाद सोडतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा त्रास सुटणारा आहे. शिसं कमी पडलं तरी माणूस पाच मीटरवरून वर जातो आणि शिसं जास्त झालं तरीही वरच जातो. लक्षण एक आणि कारणं उलट, म्हणून आधी कारण शोधायचं आणि मग पट्ट्याला हात लावायचा.

त्रास नेमका इथेच का होतो

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब साधारण १ बार (बार हे दाबाचं एकक) असतो. दर १० मीटर खोलीला तो १ बारने वाढतो. म्हणजे ३० मीटरवर ४ बार, २० वर ३, १० वर २ आणि ५ मीटरवर दीड. बीसीडीतली, म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणं आवरायच्या जाकिटातली हवा ३० मीटरवरून २० वर येताना तिसऱ्या हिश्श्याने फुगते. २० वरून १० वर येताना निम्म्याने. आणि शेवटच्या १० मीटरमध्ये सरळ दुप्पट होते. नुसत्या पाच मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येतानाही ती निम्म्याने वाढते. खाली एका मीटरचा फरक पडला तरी जाणवत नाही, वर तोच एक मीटर तुम्हाला उचलून नेतो.

त्यात वेटसूटची भर. हा सूट निओप्रीन नावाच्या रबरी फोमचा असतो. त्यातले हवेचे बारीक कप्पे खोलीवर दबलेले असतात, ते वर येताना पुन्हा फुगतात. आणि तिसरी गोष्ट सिलिंडरची. आपल्याकडे भाड्याने मिळणारे सिलिंडर सहसा अ‍ॅल्युमिनियमचे. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते तेव्हा तो पाण्यात किंचित जड असतो. ५० बारवर येईपर्यंत त्यातली साधारण दोन किलो हवा तुम्ही वापरलेली असते, आणि तोच सिलिंडर आता पाण्यापेक्षा किलोभर हलका होऊन तरंगू बघतो. डाइव्हच्या सुरुवातीला अगदी बरोबर असलेलं वजन शेवटी दोन किलोने कमी पडतं ते यामुळे. स्टीलचा सिलिंडर मात्र रिकामा झाला तरी पाण्यात जडच राहतो, म्हणून बोटीवर आधी विचारून घ्या की सिलिंडर कशाचा आहे.

पाच मीटरवरच करायची तपासणी

हे निदान पाण्यातच होतं, बोटीवर बसून होत नाही. पुढच्या डाइव्हला सेफ्टी स्टॉपच्या वेळी जोडीदाराला आधी सांगून ठेवा आणि शक्य असेल तर नांगराची दोरी हाताशी असू द्या. दोरीला लोंबकळायचं नाही, नुसती बोटं तिच्याभोवती सैल ठेवायची. मग बीसीडीतली सगळी हवा सोडा. सगळी म्हणजे सगळी. फिन्स, म्हणजे पायातले पंखे, पूर्ण थांबवा. नेहमीसारखा श्वास घ्या आणि सोडा.

आता बघा काय होतं. बीसीडी रिकामी, पाय स्थिर, श्वास सोडलेला, आणि तरीही दोरी वरच्या बाजूला ताणली जाते आहे, तर शिसं खरंच कमी आहे. याउलट हवा सोडल्याबरोबर तुम्ही झपाट्याने खाली बसलात, मग घाईने हवा भरली, मग वर गेलात, पुन्हा सोडली, असं खालीवर चाललं असेल, तर शिसं जास्त आहे. आणि श्वास सोडल्यावर हळूच खाली, घेतल्यावर हळूच वर, असं होत असेल तर वजन बरोबर आहे. मग त्रास दुसरीकडे आहे, त्याचं खाली सांगतो.

शिसं कमी पडत असेल तर

वजनाची परीक्षा डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा असताना घ्यावी. बोटीजवळ पृष्ठभागावर उभे राहा, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं साधन) तोंडात, बीसीडी रिकामी, नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर स्थिर. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे, आणि श्वास सोडला की डोकं सावकाश पाण्याखाली गेलं पाहिजे. कपाळ बाहेर राहिलं तर एक किलो वाढवा, पुन्हा बघा. ही परीक्षा भरलेल्या सिलिंडरवर घ्यावी लागली तर जे वजन येईल त्यात दोन किलो मिळवा.

आपल्याकडच्या लोकांचा इथे एक नेहमीचा घोळ असतो. काही जण सरावाला बेळगावात गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात उतरतात, तर काहींचा कोर्समधला पोहण्याच्या तलावातला भाग गोड्या पाण्यात झालेला असतो, आणि तिथलं वजन डोक्यात पक्कं बसतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन ९५ किलो धरलं तर समुद्रात सव्वादोन ते अडीच किलो शिसं जास्त लागतं. तलावात चार किलोवर नीट बसणारा माणूस तारकर्लीला चार किलोवर तरंगणारच.

वेटसूटही लक्षात ठेवा. भाड्याचा सूट दर वेळी वेगळा. जुना, दबून गेलेला ३ मिलिमीटरचा सूट आणि नवाकोरा ३ मिलिमीटरचा सूट यांत किलोभराचा फरक सहज पडतो. म्हणून लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, नुसतं ‘६ किलो’ लिहून उपयोग नाही. सूट कुठला, अर्ध्या बाह्यांचा की पूर्ण, सिलिंडर कशाचा, पाणी गोडं की खारं, आणि शेवटी किती बारवर कसं वाटलं, एवढं लिहा. माझ्या मते पहिल्या वर्षात लॉगबुकातली हीच ओळ सगळ्यात कामाची, माशांची यादी नंतर.

शिसं जास्त होत असेल तर

सुरुवातीच्या डाइव्हर्समध्ये हे कारण मला कमी वजनापेक्षा जास्त दिसतं. नवा माणूस सुरुवातीला घाबरलेला असतो, छाती भरलेली असते, बीसीडीची हवा अर्धवटच सुटलेली असते. तो खाली जात नाही असं दिसलं की बोटीवरून आणखी दोन किलो हातात येतात. त्या शिशामुळे तो खाली जातो खरा, पण आता तळाशी तरंगण्यासाठी त्याला बीसीडीत तेवढी जास्त हवा भरावी लागते. दोन किलो जादा शिसं म्हणजे दोन लिटर जादा हवा. ही हवा १५ मीटरवर दोन लिटर असेल तर पाच मीटरवर तीन लिटरच्या पुढे जाते. म्हणजे वर येताना सोडायची हवा जास्त, आणि चुकायला जागाही जास्त.

उपाय सरळ आहे. एकेक किलो कमी करत जा, आणि डाइव्हच्या सुरुवातीला दोन मिनिटं जास्त घ्या. पृष्ठभागावर उभे राहून बीसीडीची नळी डोक्याच्या वर सरळ धरा, बटण दाबा, आणि मग छातीतली हवा सावकाश, शेवटपर्यंत सोडा. पहिला एक मीटर गेला की पुढे सूटच दबायला लागतो. सोबतच्या गाइडला आधीच सांगा, ‘दादा, वजन वाढवू नका, मला जरा वेळ द्या.’ बोटीवर आठ-दहा जण वाट बघत असले तरी हे सांगायला संकोच करू नका.

नळीची एक गोष्ट अगदी जवळून बघितलेली सांगतो. मालवणला आमच्या गटात खानापूरची एक मुलगी होती. पाच मीटरवर ती दोरीजवळ होती, डावा हात वर केलेला, बटण दाबलेलं, तरी इंच इंच वर सरकत चाललेली. चेहरा मास्कमधूनही कळत होता. गाइडने तिच्याजवळ जाऊन काही न करता फक्त तिचं कोपर धरलं आणि हात सरळ केला. नळीच्या तोंडातून मुठीएवढे बुडबुडे एकामागून एक सुटले आणि ती जागच्या जागी स्थिरावली. बोटीवर आल्यावर तो तिला म्हणाला, ‘हात वर केलंस गो, पण कोपर वाकलेलां. हवा खंयसून भायर पडतली?’ हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. नळीचं तोंड खांद्याच्या खाली असेल तर बटण कितीही दाबा, हवा खांद्यापाशीच अडकून राहते. तुम्ही आडवे असाल तर उलट कमरेजवळच्या झडपेची दोरी ओढावी लागते, आणि त्यासाठी ती बाजू थोडी वर करावी लागते. बटण आणि ही दोरी, दोन्ही न बघता हाताला सापडली पाहिजेत. घरी बीसीडी नसली तरी बोटीवर चढण्याआधी किनाऱ्यावर पाच मिनिटं हाच सराव करा.

वजन बरोबर आहे, तरी वर जातोय

मग श्वास बघा. आपल्या भागात पोहणं बहुतेक जण विहिरीत शिकतात. पाठीला डबा बांधून सुरुवात, मग एक दिवस डबा सुटतो, आणि पुढची शर्यत असते ती तळाचा खडा काढून आणण्याची. काठावर उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, दाबून धरायचा आणि सूर मारायचा. लहानपणी अंगात बसलेली ही सवय फार खोल असते. पाण्यात थोडं कुठे अवघड वाटलं की छाती आपोआप भरली जाते आणि भरलेलीच राहते. चांगला पोहणारा माणूस स्कूबात अडखळतो तो बरेचदा इथे, आणि त्याला ते कळतही नाही, कारण पाण्यात तो अजिबात घाबरत नाही.

हिशोब असा, की फुप्फुसात एक लिटर हवा जास्त म्हणजे पाण्यात साधारण एक किलो हलकेपणा. शांत माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. पण छाती सतत वरच्या पट्टीत भरलेली असेल, म्हणजे भरलेल्या छातीवरच थोडा घ्यायचा, थोडा सोडायचा, तर तुम्ही कायम दीड-दोन किलो हलके असता. सेफ्टी स्टॉपला तीन मिनिटांचं दडपण आलं की हे हमखास होतं. वर जातोय असं दिसलं की माणूस दचकतो, दचकला की श्वास ओढतो, आणि श्वास ओढला की आणखी वर जातो.

यावर श्वास घेण्याचा नव्हे, सोडण्याचा सराव करा. वर जायला लागलात की पहिली कृती बटण नाही, पहिली कृती लांब श्वास सोडणं. सोडल्यावर लगेच परिणाम दिसत नाही, दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून घाईने दुसरं काही करू नका. चारपर्यंत मोजत घ्या, सहा-सातपर्यंत मोजत सोडा. श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत रोखलेला श्वास वर येताना फक्त मूळ आकाराला परत जातो. रेग्युलेटरमधून पाच मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तो निम्म्याने फुगतो आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. इतक्या उथळ पाण्यातही हे घडू शकतं. स्कूबात पहिला नियम हाच शिकवतात आणि विहिरीत तयार झालेल्या पोहणाऱ्याने तो दुप्पट लक्षात ठेवायला हवा.

पायांकडेही एकदा बघा. उभ्या अवस्थेत फिन्स हलत असतील तर प्रत्येक फटका तुम्हाला वर ढकलतो. वजन जास्त असलेले लोक डाइव्हभर असे पाय मारत स्वतःला तोलून धरतात, आणि स्टॉपला तीच सवय त्यांना वर नेते. पाय गुडघ्यात वाकवून आडवे राहायचा प्रयत्न करा. शेवटी शेवटी कंबर वर आणि डोकं खाली व्हायला लागलं तर तो सिलिंडरचा बूड हलका झाल्याचा परिणाम. पट्ट्यातलं एक किलो सिलिंडरच्या बुडाकडे खाली सरकवलं की बहुतेकदा जमतं.

वर येण्याचा वेगही स्टॉपच्या आधीच ठरतो. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. १० मीटरवर एकदा पूर्ण थांबा, हवा सोडा, आणि सात मीटरवर पुन्हा सोडा. पाच मीटरवर पोचेपर्यंत वाट बघणारा माणूस तिथे वेगातच पोचतो आणि मग तो वेग आवरता येत नाही.

फेकलं गेलोच तर

पुन्हा एकट्याने खाली जाऊ नका. ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत, कॉम्प्युटरच्या वेळेत केलेल्या डाइव्हचा सेफ्टी स्टॉप हा सुरक्षिततेसाठी वाढवलेला थांबा आहे. तो चुकला म्हणजे लगेच अनर्थ होत नाही. बीसीडी भरा, बोटीवर या, पाणी प्या, गाइडला सांगा. वर येण्याचा वेग फार झाला असेल तर त्या दिवशीची दुसरी डाइव्ह सोडून द्या. पैसे भरलेले असतात, मित्र जात असतात, तरी सोडा.

आणि आपल्यासाठी घाटाचा प्रश्न

कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या आपल्या पट्ट्यातल्या डाइव्हरला किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते, आणि कोर्समध्ये ती विमानाच्या नावाखाली येऊन जाते म्हणून लक्षात राहत नाही. डाइव्हमध्ये अंगात साठलेला नायट्रोजन पाण्याबाहेर आल्यावरही कित्येक तास हळूहळू निघत असतो. त्या काळात तुम्ही उंचीवर गेलात तर बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. विमानासाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी आहे: एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास. ही शिफारस ६१० मीटर उंचीपासून पुढे लागू होते, नुसतं विमान असं त्यात नाही.

आता आपले रस्ते बघा. मालवणहून बेळगावला येताना आंबोली, उंची ६९० मीटरच्या आसपास. संकेश्वर, निपाणीकडचेही आजऱ्यावरून त्याच घाटाला येऊन मिळतात. गोव्याहून चोर्ला घाटाने आलात तर ८०० मीटरच्या जवळ जाता. नेत्राणी बेटाजवळची डाइव्ह करून मुर्डेश्वरहून अंकोला, यल्लापूरमार्गे आलात तर अरबैल घाट चढून हुबळी-धारवाडचं पठार लागतं. आणि खुद्द बेळगाव साडेसातशे मीटरवर. विमानातल्या केबिनपेक्षा ही उंची बरीच कमी आहे हे खरं, दाब साधारण आठ-नऊ टक्क्यांनीच उतरतो. पण विमानाला निदान आपण दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढतो. रविवारी सकाळी दोन डाइव्ह, मालवणात माशाचं जेवण आणि सोमवारी ड्युटी आहे म्हणून तीन वाजता गाडीला स्टार्टर, असा आपला रिवाज. संध्याकाळी सहाच्या आत घाटमाथा. वर त्याच दिवशी सेफ्टी स्टॉपही हुकलेला असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

सहल उलटी बसवा, एवढंच करायचं आहे. शुक्रवारी रात्री उतरा, दोन्ही डाइव्ह शनिवारी दुपारच्या आत संपवा, रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघा आणि जेवून निघा. अठरा तास आपोआप भरतात, कोणाची सुट्टी वाढत नाही. गटात एकाने जरी हे आधी ठरवून घेतलं तरी बाकीचे ऐकतात, कारण किल्ला बघायला कोणाचीच ना नसते.

घाटात किंवा घरी पोचल्यावर खांदा, कोपर, गुडघा आतून दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, लघवीला त्रास किंवा नेहमीपेक्षा वेगळाच थकवा जाणवला तर ‘गाडीत बसून आखडलं असेल’ म्हणून गोळी घेऊन झोपू नका. घाट चढत असाल तर पुढे चढू नका, खाली वळा. मास्कने शुद्ध ऑक्सिजन मिळेल अशा जवळच्या दवाखान्यात जा, आणि आडवे पडून राहा. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की आज स्कूबा डाइव्ह केली आहे, किती मीटर, किती मिनिटं, किती वाजता वर आलो आणि स्टॉप झाला होता की नाही. डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या, त्यात ही सगळी नोंद असते. डोंगराच्या या बाजूला रोज असे रुग्ण येत नाहीत, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय डाइव्हचा संशय कोणाला येणार नाही. ज्यांच्याबरोबर डाइव्ह केली त्यांनाही लगेच फोन करा. दाबाच्या चेंबरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली उपचार देणाऱ्या बंद कक्षात, उपचार लागले तर तो कक्ष कुठे उपलब्ध आहे हे शोधायला त्यांची मदत होते.